रिकाम्या खोक्याची बाजू

(तृतीय वर्ष कला)

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी आमच्या गावातल्या एका खेळण्यांच्या दुकानात कामाला होतो. काम साधे होते. वरच्या फळीवरचा माल काढून दाखवायचा, गिऱ्हाईक गेले की पुन्हा जागेवर लावायचा आणि कोणाला भेट द्यायची असेल तर रंगीत कागदात बांधून द्यायचा. मालकांनी पहिल्याच दिवशी नियम सांगितला, "खोका फाटला की माल परत नाही." हाच नियम गल्ल्यामागच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेला होता. तीन आठवडे मी तो लोकांना बोट दाखवून वाचायला लावत होतो आणि खरे सांगायचे तर त्यात मला काही वावगेही वाटत नव्हते.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी एक बाई आपल्या पाच-सहा वर्षांच्या मुलाला घेऊन आल्या. मामाने आदल्या दिवशी घेऊन दिलेली मोटार चालतच नव्हती. बाईंनी खोक्याचे सगळे तुकडे जपून पिशवीतून आणले होते, एवढेच नव्हे तर फाटलेली बाजू चिकटपट्टीने जोडलीही होती. मालकांनी भिंतीकडे बोट दाखवले. बाई शांतपणे म्हणाल्या, "भाऊ, हा खोका न फाडता उघडायचा कसा, ते तुम्हीच एकदा दाखवा." मालक हसले आणि तसाच दुसरा खोका माझ्या हाती देऊन म्हणाले, "दाखव रे त्यांना."

मी दहा मिनिटे खटपट केली. झाकण चारी बाजूंनी गोंदाने चिकटवलेले होते. ते नखाने सोडवू लागलो तर वरचा छापील कागद पुठ्ठ्यापासून सुटून आला. आत मोटार तारेच्या सहा गाठींनी एका पुठ्ठ्याला बांधलेली, आणि त्या गाठी मागच्या बाजूने चिकटपट्टीखाली दडवलेल्या. शेवटी कात्री घेतली. मोटार बाहेर आली तेव्हा दुसऱ्या खोक्याचीही तीच गत झाली होती. आता ती मोटार विकण्याजोगी राहिली नाही, म्हणून मालकांनी तीच बाईंना देऊन टाकली. खोक्याचे पैसे माझ्या पगारातून कापले नाहीत, हे त्यांचे मोठेपण!

हे सारे चालले असताना तो मुलगा दुकानाच्या पायरीवर बसला होता. बंद पडलेली मोटार तो हाताने ढकलत फाटक्या खोक्यात नेत होता आणि मागे घेऊन बाहेर काढत होता. खोक्याचे त्याने गॅरेज केले होते. फक्त गॅरेजचे दार काही लागत नव्हते. त्याने मला विचारले, "दादा, हे मिटत का नाही?"

हा लेख म्हणजे त्या प्रश्नाला मी उशिरा दिलेले उत्तर आहे.

खेळण्याचे वेष्टन म्हणजे दुकानापासून घरापर्यंतची सोय, असे आपण मोठी माणसे समजतो. मुलांचा समज तसा नसतो. अमेरिकेत रॉचेस्टर येथे खेळ आणि खेळणी यांचे एक मोठे संग्रहालय आहे. तेथे राष्ट्रीय मानाच्या खेळण्यांचे एक दालन असून २००५ साली त्या दालनात चक्क पुठ्ठ्याच्या खोक्याला मानाची जागा देण्यात आली. ज्यांच्या घरी लहान मूल आणि नवा फ्रीज एकाच वेळी आले असतील, त्यांना या बातमीचे आश्चर्य वाटू नये. खेळणी बनवणाऱ्यांनाही ही गोष्ट ठाऊक आहे आणि म्हणूनच खोक्याला खेळात ओढण्याचे प्रयत्न ते पुष्कळ दिवसांपासून करीत आले आहेत. या प्रयत्नांचे सरसकट कौतुक होते. माझे मत थोडे वेगळे आहे. खोका खेळात आला एवढ्याने भागत नाही. तो पुन्हा मिटतो का, हे पाहिले पाहिजे.

आमचे आजोबा सांगतात की त्यांच्या लहानपणी विकतचे खेळणे फक्त जत्रेत मिळे. एरवी काडेपेटी हेच खेळणे. आतल्या डब्या एकापुढे एक दोऱ्याने बांधल्या की आगगाडी तयार. दोन डब्यांना भोके पाडून लांब दोरा ओवला की टेलिफोन. सहा काडेपेट्या एकमेकींवर चिकटवून खणांना शर्टाची बटणे लावली की बहिणीच्या बाहुलीचे कपाट. काडेपेटीवरचे छाप मुले जमवीत. सिगारेटची रिकामी पाकिटे उलगडून सपाट केली की त्यांच्या नोटा होत. पाकीट जितके दुर्मीळ, तितकी नोट मोठी. यातली कोणतीही वस्तू खेळण्यासाठी बनवलेली नव्हती. पण काडेपेटीचा एक गुण असा की ती शंभर वेळा उघडली तरी शंभर वेळा मिटते. मुलाच्या हाताला यापेक्षा अधिक काय हवे असते? आत ठेवायचे, लपवायचे, कानाशी नेऊन हलवायचे, "ओळख पाहू" म्हणायचे आणि मग हळूच सरकवून दाखवायचे. आत किडा आहे की गोटी, हे महत्त्वाचे नाही.

हा गुण हेरून एक मोठा धंदा उभा राहिला. लंडनच्या लेस्नी या कंपनीतले जॅक ओडेल यांच्या मुलीच्या शाळेत असा दंडक होता की काडेपेटीत मावेल एवढेच खेळणे मुलांनी शाळेत आणावे. ओडेलनी तिला पितळेचा एक चिमुकला रोलर करून दिला. वर्गातल्या सगळ्यांना तसाच हवासा वाटू लागला. पुढे १९५३ साली 'मॅचबॉक्स' या नावाने छोट्या धातूच्या गाड्या बाजारात आल्या, त्या काडेपेटीसारख्याच डबीतून. त्या काळी ती डबी गाडीचे गॅरेजही होती आणि खिशात घालून न्यायची पेटीही. शाळेच्या एका नियमातून खेळण्याचे मापही ठरले आणि घरही!

पुढची हकीकत मला खटकते. १९६८ साली अमेरिकेतल्या मॅटेल कंपनीच्या 'हॉट व्हील्स' गाड्या आल्या. त्या पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या फुगवट्यात असत. दुकानदाराला हे फार सोयीचे, कारण पुठ्ठा खिळ्याला टांगता येतो, गाडी चारी अंगांनी दिसते आणि कोणाला ती गुपचूप खिशात टाकता येत नाही. घरी आल्यावर मात्र ते वेष्टन ओरबाडून काढावे लागते आणि गाडी बेघर होते. १९९७ पासून 'मॅचबॉक्स'ही मॅटेलच्याच मालकीची आहे. आता आमच्या दुकानात दोन्ही नावांच्या गाड्या एकाच खिळ्याला, एकाच तऱ्हेच्या फुगवट्यात टांगलेल्या असत.

मिटणाऱ्या वेष्टनाची परंपरा आपल्याकडेही जुनी आहे. सोंगट्यांचा पट कापडाचा असतो. डाव संपला की त्याच कापडात सोंगट्या आणि कवड्या गुंडाळून ठेवून द्यायच्या. जे अंगण, तेच गाठोडे. अमेरिकेतल्या फिशर-प्राइस कंपनीने १९६८ साली एक खेळातला गोठा काढला. त्याचे दार उघडले की गाय हंबरल्याचा आवाज होई आणि खेळ झाल्यावर जनावरे, माणसे, कुंपण सगळे आत भरून गोठा हातात धरून नेता येई. इंग्लंडमध्ये ख्रिस विग्ज या गृहस्थाने १९८३ मध्ये आपल्या मुलीसाठी पावडरच्या डबीत एक इवलेसे घर मांडले. १९८९ पासून 'पॉली पॉकेट' म्हणून तशा डब्या विकल्या गेल्या. डबी उघडली की घर, मिटली की खिशात. या खेळण्यांत आवरणे हा खेळाचाच शेवटचा भाग असतो. आमच्या घरी ते आईचे काम समजले जाते, हा भाग वेगळा!

याउलट आजकाल ज्याला 'खेळकर वेष्टन' म्हणतात, त्याचा सगळा खेळ उघडण्यात असतो. २०१६ च्या अखेरीस 'एल.ओ.एल. सरप्राइज' नावाची बाहुली निघाली. ती एका गोल चेंडूत असते आणि चेंडूवर सात थर. एकेक थर सोलायचा, प्रत्येकातून काहीतरी निघायचे, सर्वांत शेवटी बाहुली. दुसऱ्यांनी खोके उघडलेले पाहण्यात मुले तासन् तास रमतात, हे इंटरनेटवर पाहून तिच्या निर्मात्यांना ही कल्पना सुचली. त्या चेंडूचे दोन भाग पुढेही कामी येतात, हे कबूल केले पाहिजे. पण विकले जातात ते सात थर. ते एकदा सोलले की संपले, आणि मग तोच आनंद हवा असेल तर दुसरा चेंडू विकत घ्यावा लागतो. 'किंडर जॉय'चे अंडे तर आता आपल्या बारामतीच्या कारखान्यात तयार होते. त्याच्या दोन्ही अर्ध्या भागांवरचे पातळ आवरण एकदा सोलून काढले की ते अंडे पुन्हा अंडे होत नाही.

येथे कोणी म्हणेल, उत्सुकता हाही खेळच ना? भाऊबीजेच्या ओवाळणीचे पाकीट उघडताना तुझे हात नव्हते का थरथरत? थरथरत होते. उत्सुकतेला माझी ना नाही. माझ्या चुलत बहिणीची मुलगी चार वर्षांची आहे. ती फोनवर हे खोके उघडण्याचे खेळ पाहते. अक्षर ओळखत नाही, पण कात्री कुठे लागणार हे तिला आधी कळते. तिला चेंडू घेऊन देण्याची तिच्या बापाची ऐपत नाही. मग ती काय करते? आपलीच जुनी, एका हाताची बाहुली वर्तमानपत्रात गुंडाळते, वर आजीच्या पातळाची चिंधी, वर पुन्हा कागद, असे चार-पाच थर करते, आणि मग आम्हा सर्वांना समोर बसवून "बघा हं" म्हणत एकेक थर काढते. बाहुली निघाली की टाळ्या! लगेच पुन्हा गुंडाळायला सुरुवात. रोज तीच बाहुली आणि रोज तेच नवल. कंपनीच्या चेंडूत जी गोष्ट नाही, ती या मुलीने चिंध्यांनी भरून काढली आहे. तिचा चेंडू पुन्हा मिटतो.

उलट बाजूचा अनुभवही सांगितला पाहिजे. वेष्टन खेळात फार चांगले उतरले म्हणजे ते चांगलेच, असेही नाही. 'फॅन्टम'च्या गोड सिगारेटी आमच्या वडिलांच्या पिढीने ओठांत धरून मिरवल्या. नुसती ती पांढरी कांडी पुदिन्याची गोळी. पण पाकिटातून टिचकी मारून काढली की सिगारेट. सारा खेळ पाकिटाने घडवला, आणि काय शिकवले?

मालकांच्या बाजूने बोलायचे तर, कारखान्यातून आमच्या गावापर्यंत खेळणे ट्रकमधून हादरे खात येते. तारेने बांधले नाही तर ते खोक्यात पालथे पडते, आणि पालथी बाहुली कोणी घेत नाही. चिकटवले नाही तर आतले सुटे भाग गायब होतात. आता २०२१ च्या जानेवारीपासून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. कोणत्या वयाच्या मुलाला खेळणे द्यावे, हेही खोक्यावर छापलेले असते. पण जपून ठेवावा असा हा मजकूर घरी आल्यावर पहिल्या पाच मिनिटांत केराच्या टोपलीत जातो, कारण ज्यावर तो छापला तो खोकाच जगत नाही.

"मुले काय, कशाशीही खेळतात," असे सांगून हा विषय झटकून टाकणारेही भेटतात. खेळतात खरी. पुण्याला आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अनेक वर्षे काम केलेल्या अरविंद गुप्ता यांनी काड्या, व्हॉल्व्ह ट्यूब आणि टाकाऊ डबे यांतून विज्ञानाची खेळणी करायला हजारो मुलांना शिकवले. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पण त्यासाठी टाकाऊ वस्तू तरी धड असावी लागते. प्लॅस्टिकचा तो फुगवटा कापला की त्याच्या कडा बोट कापतात, आणि पुठ्ठ्यावर प्लॅस्टिकचा पापुद्रा असल्यामुळे त्याला खळही धरत नाही. मुलांची कल्पकता मोठी आहे म्हणून तिच्या वाट्याला काहीही टाकावे, हे मला पटत नाही.

मी मागतो ते फार नाही. खोक्याच्या एका बाजूला गोंदाऐवजी आत खोचायची पुठ्ठ्याची जीभ असावी. तारेऐवजी खेळणे अडकेल अशी खाच असावी. आतली बाजू कोरी पांढरी असते, तिच्यावर गॅरेजच्या विटा किंवा गोठ्यातले गवत छापता आले तर उत्तम. त्याला खर्च येईल, हे जाणून आहे. जीभ मात्र फुकट आहे.

येत्या दिवाळीला मालकांनी मला पुन्हा बोलावले आहे. बॅटरीवरची मोटार असेल तर गिऱ्हाइकासमोर खोका आपणच उघडावा, मोटार चालवून दाखवावी आणि मग द्यावी, असे मी त्यांना सुचवले आहे. कात्री माझी आणीन, असेही म्हणालो. त्यांनी अजून हो म्हटलेले नाही. भिंतीवरची पाटी तशीच आहे.