विचारा, थेट विचारा!

“विचारावंसं वाटत होतं हो डॉक्टर, पण म्हटलं, नसलेलं उगाच त्याच्या डोक्यात भरायचं.”

कुणी आत्महत्येचा प्रयत्न केला की दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या माणसांकडून आम्हा डॉक्टरांना हे वाक्य पुन्हा पुन्हा ऐकायला मिळतं. बोलणारा कधी थोरला भाऊ असतो, कधी शेजारची काकू, कधी हॉस्टेलच्या खोलीतला मित्र. शंका आलेली असते, मनात प्रश्नही तयार असतो, आणि तो ओठांपाशी येऊन थांबलेला असतो. ही माणसं बेफिकीर नसतात. लहानपणापासून ऐकलेल्या एका समजुतीमुळे ती गप्प राहतात. हा लेख त्या समजुतीविरुद्ध आहे. ती निव्वळ चुकीची असती तर सोडून दिलं असतं, पण ती धोकादायक आहे.

विचारल्याने विचार येत नाही

आत्महत्येबद्दल थेट विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो का, हे अनेक अभ्यासांतून तपासून झालं आहे. शाळकरी मुलांमध्ये, मोठ्यांमध्ये, आधीच उपचार घेणाऱ्या रुग्णांमध्ये. उत्तर सगळीकडे साधारण एकच: विचारल्याने धोका वाढत नाही. उलट बऱ्याच जणांना हायसं वाटतं. जी गोष्ट आपण महिनोन्‌महिने एकट्याने ओढत होतो, ती कुणीतरी नाव घेऊन विचारली, न दचकता विचारली, एवढ्यानेही ओझं थोडं हलकं होतं.

तरीही आपण विचारत नाही. म्हणतो, ‘त्यांच्या घरचा मामला, आपण कशाला पडा?’ हे सांगणारे आपण कोण? लग्नाला दोन वर्षं झाली की ‘पाळणा कधी हलणार?’ विचारणारे. पगार किती, फ्लॅटचा हप्ता किती, मुलीला किती टक्के पडले, हे लिफ्टमध्ये उभ्याउभ्या विचारणारे. तेव्हा दुसऱ्याचं खासगीपण आपल्याला आठवत नाही. नेमका जीव वाचवू शकेल असा प्रश्न आला की मात्र आपण अचानक सभ्य होतो.

आकडे आपल्या अंगणातले आहेत

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या नोंदीनुसार २०२२ साली भारतात १,७०,९२४ माणसांनी आत्महत्या केली. त्यातली २२,७४६ महाराष्ट्रातली. म्हणजे आपल्या राज्यात रोज साठाहून अधिक माणसं. देशात सर्वांत मोठा आकडा आपला आहे.

आत्महत्या म्हटलं की डोळ्यांसमोर विदर्भ-मराठवाड्यातला कर्जबाजारी शेतकरी येतो. तो प्रश्न खरा आहे आणि गंभीर आहे. पण त्याच वर्षी देशभरात आत्महत्या केलेल्यांपैकी चौथ्या हिश्श्याहून जास्त माणसं रोजंदारीवर काम करणारी होती. गृहिणी पंचवीस हजारांवर होत्या. कारणांच्या रकान्यात कौटुंबिक समस्या आणि आजारपण हे दोन मिळूनच निम्मे भरतात. कारण एकच कधी नसतं हे खरं, पण एवढं नक्की, की ही माणसं तुमच्या-माझ्या घरातली, गल्लीतली, कामावरची आहेत.

‘बोलतो तो करत नाही’

ही दुसरी समजूत, पहिलीची सख्खी बहीण. आत्महत्या करणाऱ्या अनेकांनी आधीच्या दिवसांत कुणाला ना कुणाला काहीतरी सूचित केलेलं असतं. आपल्या भाषेत ते असं येतं: ‘माझा आता कुणाला उपयोग नाही.’ ‘मी नसले की तुम्ही सगळे सुटाल.’ ‘झोपावं ते उठूच नये असं वाटतं.’ आपण त्यावर काय म्हणतो? ‘काहीही काय बोलतेस!’ आणि टीव्हीचा आवाज वाढवतो.

काही जण बोलत नाहीत, पण वागणं बदलतं. झोप उडते. दारू वाढते. भिशीला, कीर्तनाला, क्रिकेटला जाणारा माणूस घराबाहेर पडेनासा होतो. विम्याची कागदं, बँकेची पासबुकं कुठे आहेत ते बायकोला एकाएकी समजावून सांगतो. जिवापाड जपलेली वस्तू देऊन टाकतो. जुन्या गोष्टीची माफी मागतो. फार दिवस तळमळणारा माणूस कारण नसताना एकदम शांत झाला, तर ‘आता बरा झाला’ म्हणून निर्धास्त होऊ नका, त्याच्याशी बोला.

आणि ज्याने आधी एकदा प्रयत्न केला आहे, त्याच्या बाबतीत ‘नाटकं करतो’ हे शब्द तोंडातून कायमचे काढून टाका. आधीचा प्रयत्न ही पुढच्या धोक्याची सर्वांत मोठी खूण आहे. दवाखान्यातून घरी सोडल्यानंतरचे पहिले आठवडे सर्वांत जोखमीचे असतात. नेमके त्याच दिवसांत नातेवाईक ‘झालं गेलं विसरून जा’ म्हणत आपापल्या कामाला लागतात.

विचारायचं कसं?

आडून नको. ‘तसलं काही मनात नाही ना रे तुझ्या?’ या प्रश्नात ‘नाही’ हे उत्तर तुम्हीच घालून ठेवलं आहे. समोरचा तेच देईल.

एकांत बघा, फोन बाजूला ठेवा, वेळ हातात ठेवा. जे दिसलं ते सांगा आणि मग विचारा. “दादा, परवा तू म्हणालास की आता माझं काय राहिलंय. तेव्हापासून माझं लक्ष लागत नाही. तुझ्या मनात आत्महत्येचा विचार येतो का?” किंवा, “वहिनी, महिनाभर बघतेय, तुम्ही नीट जेवत नाही, झोपत नाही. जीव द्यावासा वाटतो का हो?” शब्द जड वाटतील. वाटू द्या.

उत्तर ‘हो’ आलं, तर पुढचे प्रश्नही विचारा. किती दिवसांपासून? कसं करायचं ते ठरवलंय का? त्याची काही तयारी केली आहे का? याआधी कधी प्रयत्न केला होता का? विचार जेवढा ठरलेला, तेवढी घाई तुम्ही करायची.

मग ऐका. ‘लेकरांकडे बघ’, ‘तुझ्यापेक्षा वाईट दिवस लोकांनी काढले’, ‘मनाने खंबीर हो’ हे सगळं त्याने स्वतःला शंभर वेळा सांगून झालेलं असतं. लेकरांकडे बघूनच त्याला वाटत असतं की आपण त्यांच्यावर ओझं आहोत. व्हॉट्सॲपवरचे सुविचार तर नकोतच. “तू सांगितलंस हे बरं केलंस, आता यातून आपण दोघं मिळून वाट काढू” एवढं पुरेसं आहे.

‘हो’ म्हटल्यावर तीन कामं

पहिलं, एकटं सोडू नका. धोका आजचा-आत्ताचा वाटत असेल तर आळीपाळीने सोबत थांबा आणि जवळच्या रुग्णालयाच्या अपघात विभागात न्या. ११२ किंवा १०८ ला फोन करा.

दुसरं, साधन हाताशी ठेवू नका. हे आपल्याकडे सर्वांत दुर्लक्षित काम आहे. ‘ज्याला मरायचंय तो कसाही मरेल’ असं आपण म्हणतो, आणि ते खरं नाही. मरणाची ती तीव्र ओढ बहुतेकदा लाटेसारखी येते आणि ओसरते. काही वेळा काही मिनिटांत, काही वेळा काही तासांत. तेवढ्या वेळात साधन हाताला लागलं नाही तर माणूस वाचतो. प्रयत्नातून वाचलेल्या दहांपैकी साधारण नऊ जण पुढे आत्महत्येने मरत नाहीत. श्रीलंकेने सर्वांत विषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आणली, आणि १९९५ ते २०१५ या काळात तिथलं आत्महत्यांचं प्रमाण सुमारे सत्तर टक्क्यांनी घटलं. तिथल्या शेतकऱ्याची दुःखं काही संपली नव्हती. हाताशी असलेलं विष तेवढं कमी झालं होतं.

देशाचं धोरण आपल्या हातात नाही, घराचं कपाट आहे. फवारणीचं औषध घरात नको. शेतावर, कुलपात, आणि किल्ली दुसऱ्याकडे. गोळ्यांचा साठा एका माणसाने सांभाळायचा आणि रोजच्या रोज द्यायचा. हे गुपचूप करण्याची गरज नाही. “हे दिवस जाईपर्यंत हे माझ्याकडे राहू दे” असं सांगून करा.

तिसरं, तज्ज्ञापर्यंत नेऊन पोचवा. ‘एकदा कुणाला तरी दाखव’ हा सल्ला झाला. वेळ घेणं, सोबत जाणं, पुढच्या तारखेला पुन्हा नेणं ही मदत झाली. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत मानसोपचार विभाग असतो. टेली-मानस ही सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६, मोफत, चोवीस तास, मराठीतही. काळजीत पडलेले नातेवाईक आणि मित्रही तिथे फोन करू शकतात. नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात. पहिल्या आठ दिवसांत फरक नाही म्हणून त्या बंद करू देऊ नका, आणि त्या आठवड्यांत पहारा सैल करू नका.

शपथ मोडा

“तुला म्हणून सांगतोय, घरी कळलं तर बघ.” विशेषतः तरुण मुलामुलींमध्ये हा पेच हमखास येतो. मित्राने विश्वासाने सांगितलं, आता त्याच्या आईला सांगितलं तर विश्वासघात होईल का?

माझं उत्तर स्पष्ट आहे: जिवाच्या प्रश्नात गुपित पाळायचं नाही. असं वचन देऊच नका. दिलं असेल तर मोडा, पण त्याला सांगून मोडा. “मी हे एकट्याने सांभाळू शकत नाही. कुणाला सांगायचं ते तू ठरव, पण आज सांगायचं.” सगळ्या गावाला सांगायचं नाही, मदत करू शकेल अशा एका-दोघांनाच. घरातल्याच कुणाचा जाच असेल तर त्याला सोडून दुसरं विश्वासाचं माणूस शोधा. मित्र चिडेल, कदाचित महिनाभर बोलणार नाही. न बोलणारा मित्र असण्याची संधी तुम्हाला मिळाली, हे लक्षात ठेवा.

पोलिसांची भीती

‘केस होईल’ म्हणून घरच्या घरी मीठपाणी पाजत बसलेली कुटुंबं आजही आहेत. त्यात उपचाराचा मोलाचा वेळ जातो आणि उलटी करवल्याने काही विषांमध्ये धोका आणखी वाढतो. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ चं कलम ११५ सांगतं की आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असं गृहीत धरायचं आणि तिच्यावर खटला भरायचा नाही, तिला उपचार व पुनर्वसन देणं हे सरकारचं काम. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर जुनं कलम ३०९ राहिलेलंच नाही. सरकारी नोकरावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा गुन्हा आहे. रुग्णालय पोलिसांना कळवतं ती नोंद असते. तिला घाबरून दारात थांबू नका.

आम्हा डॉक्टरांचंही

ही जबाबदारी घरच्यांच्या गळ्यात घालून आमच्या पेशाला मोकळं होता येणार नाही. डोकं दुखतं, छातीत धडधडतं, झोप नाही अशा तक्रारी घेऊन ही माणसं आधी फॅमिली डॉक्टरकडेच येतात. आम्ही रक्त तपासतो, ईसीजी काढतो, झोपेच्या गोळ्या लिहितो आणि तो एक प्रश्न विचारत नाही. तुमचे डॉक्टर विचारत नसतील तर तुम्ही सांगा: “डॉक्टर, याच्या मनात मरणाचे विचार येतात.” आणि महिन्याच्या गोळ्या एकदम देऊ नका असंही सांगा.

जबाबदारी आणि दोष

शेवटी एक फार महत्त्वाची गोष्ट. सगळं करूनही माणूस जातो, असं होतं. हृदयविकारात होतं, कर्करोगात होतं, इथेही होतं. ज्यांनी आपलं माणूस असं गमावलं आहे, त्यांच्यापैकी कुणी हे वाचत असेल तर हा लेख तुमच्यावरचं आरोपपत्र नाही. तुम्हाला जे तेव्हा दिसलं आणि जे माहीत होतं, त्यात तुम्ही केलं. तुमच्याही मनात मरणाचे विचार येत असतील तर तेही कुणाला तरी सांगा. वर दिलेला क्रमांक तुमच्यासाठीही आहे.

जबाबदारी पुढच्या माणसासाठी असते. हे वाचताना तुमच्या मनात एखादं नाव येऊन गेलं असेल. नात्यातलं, ऑफिसातलं, शाळेच्या ग्रुपवर अलीकडे गप्प झालेलं. ते नाव उगाच आलेलं नाही. त्याला आज फोन करा, जमलं तर भेटायला जा. आणि विचारा.