पोच हरवली की हक्क हरवतो

शिंदखेड्याच्या तहसील कचेरीत अर्ज घेऊन जाणारा जाणता शेतकरी अर्जाच्या दोन प्रती नेत असे. एक कारकुनाच्या हाती द्यायची आणि दुसरीवर आवक क्रमांक, तारीख व शिक्का घेऊन ती घरी आणायची. शिक्क्याची ती प्रत पत्र्याच्या पेटीत जपून ठेवली जाई. पुढे साहेब बदलला, कारकून बदलला आणि "असा अर्ज इकडे आलाच नाही" असे उत्तर मिळाले, की तीच प्रत पेटीतून बाहेर येई. सत्तेपुढे उभे राहताना गरिबाच्या हाती जी मोजकी साधने असतात, त्यांत पोच हे एक महत्त्वाचे साधन आहे.

आज अर्ज पुष्कळदा ई-मेलने जातो. पीकविम्याची तक्रार, भूसंपादनाच्या मोबदल्याची मागणी, माहिती अधिकारातील पत्रव्यवहार, सुरतेला कामाला गेलेल्या मजुराच्या थकलेल्या पगाराची मागणी, हे सारे संगणकावरून पाठविले जाते. साहजिकच 'पाठविलेली पत्रे' हा संगणकातील कप्पा म्हणजेच आजची पत्र्याची पेटी होय. मात्र या पेटीची किल्ली घरात नसते. एके दिवशी पडद्यावर नवी आवृत्ती आल्याची सूचना येते, कोणीतरी होकाराचे बटण दाबतो, संगणक बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि टपालाचा कप्पा रिकामा दिसतो. आलेली पत्रे नाहीत, पाठविलेली नाहीत, माणसांचे पत्ते नाहीत. नव्या आवृत्तीत रंग मात्र अधिक आकर्षक असतात!

अशा वेळी दोष वापरणाऱ्याच्या अडाणीपणावर टाकण्याची रीत आहे. ती न्याय्य नाही. फेब्रुवारी २०११ च्या अखेरीस जीमेलच्या साठवणुकीच्या प्रणालीत केलेल्या सुधारणेतच दोष राहिला आणि सुमारे ०.०२ टक्के वापरकर्त्यांच्या टपालपेट्या रिकाम्या दिसू लागल्या. टक्केवारी क्षुल्लक वाटते. पण अशा अवाढव्य सेवेत तिचा अर्थ हजारो माणसे असा होतो. ऑक्टोबर २०१८ मध्ये विंडोज १० ची नवी आवृत्ती बसविताच काहींच्या संगणकांवरील कागदपत्रे पुसली गेली आणि मायक्रोसॉफ्टला तिचे वितरण काही दिवसांतच थांबवावे लागले. २०१९ साली थंडरबर्ड या टपालाच्या प्रोग्रॅमच्या ६८ व्या आवृत्तीने प्रत्येक स्थापनेसाठी वेगळी प्रोफाइल वापरण्याची पद्धत आणली. तेव्हा अनेकांना जुनी पत्रे आणि पत्तावही नाहीशी झाल्यासारखी वाटली. विंडोजबरोबर मिळणाऱ्या मेल या प्रोग्रॅमचा आधार मायक्रोसॉफ्टने ३१ डिसेंबर २०२४ रोजी काढून घेतला आणि लोकांना नव्या आउटलुककडे वळावे लागले. यांपैकी एकही बदल वापरणाऱ्याने मागितला नव्हता.

पत्रे जातात कशी, हे समजून घेतले पाहिजे. काही वेळा ती गेलेली नसतात, दडलेली असतात. थंडरबर्डच्या बाबतीत जुनी पत्रे त्याच संगणकावर जुन्या प्रोफाइलमध्ये शाबूत होती. नवा प्रोग्रॅम दुसऱ्याच कप्प्याकडे पाहत होता. काही वेळा ती मागे राहतात. जुन्या आउटलुक एक्सप्रेसमध्ये पत्रे एका प्रकारच्या फाइलीत आणि पत्ते निराळ्याच फाइलीत असत. संगणक बदलताना पत्रे नेणारा माणूस पत्ते न्यायला विसरे, आणि हे त्याच्या ध्यानात येई ते जुना संगणक भंगारात गेल्यावर. शिवाय नावाची पहिली दोन अक्षरे उमटताच पूर्ण पत्ता समोर येतो, म्हणून तो जतन झाला आहे असा समज होतो. कित्येकदा ती प्रोग्रॅमची तात्पुरती आठवण असते. पत्तावहीत त्या माणसाची नोंदच नसते.

तिसरा प्रकार खऱ्या नाशाचा. पूर्वी सर्रास वापरली जाणारी पॉप पद्धत पत्रे संगणकावर उतरवून घेई आणि पुष्कळदा मूळ सर्व्हरवरून ती काढून टाकी. म्हणजे जगात त्या पत्राची एकच प्रत उरे, तीही तालुक्याच्या गावातील एका जुन्या संगणकावर. तो बिघडला, दुरुस्ती करणाऱ्याने 'फॉरमॅट मारला', की सारे संपले. आज बहुतेक पत्रे सर्व्हरवरच राहतात, म्हणून ती सुरक्षित आहेत असेही मानता येत नाही. दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती काढून टाकण्याचे धोरण गुगलने डिसेंबर २०२३ पासून अमलात आणले. जमिनीच्या मोबदल्याचा दावा दोन वर्षांत निकाली निघतो, असे मानणाऱ्याने एकदा कचेरीत जाऊन यावे.

ही चर्चा सुखवस्तू माणसाच्या गैरसोयीची आहे, असे कोणास वाटेल. शिंदखेडा तालुक्याने तरी तसे समजू नये. याच तालुक्यातील विखरणचे वयोवृद्ध शेतकरी धर्मा पाटील यांनी वीजप्रकल्पासाठी गेलेल्या जमिनीचा योग्य मोबदला मिळावा म्हणून कचेऱ्यांचे उंबरठे झिजविले, २२ जानेवारी २०१८ रोजी मंत्रालयात विष घेतले आणि २८ जानेवारीला त्यांचा अंत झाला. त्यांच्या प्रकरणात ई-मेल हरवला नव्हता. तेथे हरवली होती ती दाद. परंतु दाद मागणाऱ्या माणसाला केवढ्या दीर्घ काळ, किती दारांशी, किती कागद सांभाळीत झगडावे लागते, हे त्या घटनेने महाराष्ट्राला दाखविले. अशा झगड्याच्या मध्यावर माणसाचा पत्रव्यवहारच नाहीसा झाला, तर कोणत्या तारखेला काय मागितले आणि कोणी काय उत्तर दिले, हे तो सिद्ध कसे करणार? कचेरीचे दप्तर कचेरीपाशी राहते. नागरिकाचे तेवढे जाते. दोन पक्षांच्या वादात एकाचाच पुरावा शिल्लक राहिला, तर निकाल कोणाच्या बाजूने लागेल, हे सांगण्यास ज्योतिषी नको.

संघटनेच्या दृष्टीने पत्तावहीचा नाश याहूनही गंभीर आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी याच तालुक्यात, चिमठाण्याजवळ, क्रांतिकारकांनी इंग्रज सरकारचा सुमारे साडेपाच लाखांचा खजिना लुटला. त्या काळी भूमिगतांच्या ओळखी आणि ठिकाणे कागदावर आणणे धोक्याचे होते. ती माणसांच्या डोक्यात असत आणि एकमेकांच्या विश्वासावर टिकत. आज कार्यकर्त्याला पाच-पन्नास पत्तेही पाठ नसतात. दोंडाईच्याचा हमाल, बेटावदचा शिक्षक, धुळ्याचा वकील, नाशिकचा पत्रकार यांना जोडणारा धागा एका यंत्रातील यादीत असतो. ती यादी वर्षानुवर्षांच्या पायपिटीने जमलेली असते. तिची किंमत कोणत्याही हिशेबवहीत लागत नाही. पण ती गेली, की संघटनेला ओळखीपासून पुन्हा सुरुवात करावी लागते.

जुन्या पत्रांचे मोल खानदेशाला नव्याने सांगावे लागू नये. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी घरोघरच्या दप्तरांतून मराठ्यांच्या इतिहासाची साधने जमविली. १९२६ च्या अखेरच्या दिवशी त्यांचे धुळ्यात निधन झाले आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ धुळ्यातच आहे. त्या पत्रांना वाळवी लागली, पाणी लागले. तरीही जी उरली ती मोडी जाणणाऱ्याला शे-दोनशे वर्षांनी वाचता आली. त्यांना उघडण्यासाठी कोणत्या कंपनीच्या परवानगीची गरज पडली नाही. याच्या उलट, वीस-पंचवीस वर्षांपूर्वी संगणकावर लिहिलेली मराठी पत्रे पाहा. श्रीलिपी, आकृती, आयएसएम अशा प्रणालींच्या निरनिराळ्या फॉन्टमध्ये ती लिहिली जात आणि एकाची अक्षरे दुसऱ्यात उमटत नसत. नव्या संगणकावर जुना फॉन्ट नसेल, तर मराठी मजकुराच्या जागी निरर्थक रोमन चिन्हे दिसतात. पत्र हरवलेले नाही, समोर आहे, पण वाचता येत नाही! पुढे युनिकोडने ही अडचण पुष्कळ दूर केली. मात्र जुना मजकूर युनिकोडमध्ये आणण्याचे काम ज्याचे त्याने करावे, असेच झाले.

दप्तर एका प्रणालीतून दुसरीत नेताना चुका होणारच. प्रश्न असतो तो त्या दुरुस्त करण्याच्या व्यवस्थेचा. महाराष्ट्रात हस्तलिखित सातबारा संगणकावर आला, तेव्हा नावे, क्षेत्र आणि हक्कांच्या नोंदी यांत असंख्य तफावती निघाल्या. २०१७ साली गावोगाव चावडीवाचन करून संगणकीकृत उतारे लोकांना वाचून दाखविण्यात आले, हरकती घेतल्या गेल्या आणि दुरुस्तीसाठी सोय करावी लागली. लेखनप्रमादाच्या दुरुस्तीसाठी जमीन महसूल संहितेचे कलम १५५ होतेच. हे काम निर्दोष झाले असे कोणी शेतकरी म्हणणार नाही. तरीही त्यात दोन तत्त्वे होती : ताडून पाहायला जुनी हस्तलिखित नोंद शिल्लक होती, आणि ज्याची नोंद त्याला बोलण्याची संधी होती. टपालाच्या प्रोग्रॅमची आवृत्ती बदलताना यांतले काहीच नसते. तेथे चावडी नाही, वाचन नाही आणि हरकत घ्यायला तलाठीही नाही.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा, की सेवा फुकट आहे, मग तक्रार कसली? परंतु ती फुकट नाही. लोकांच्या वापरावर, लक्षावर आणि माहितीवर या कंपन्यांचा जाहिरातीचा व्यवसाय उभा आहे, आणि विंडोज तर विकतच घेतली जाते. दुसरा आक्षेप असा, की शहाण्या माणसाने स्वतःच नक्कल ठेवावी. सल्ला योग्य आहे. पण तो देणाऱ्याने स्वतःचे वर्तनही पाहावे. २०११ मध्ये गुगलच्या अनेक ठिकाणी ठेवलेल्या प्रतींनाही त्या दोषाची झळ बसली, तेव्हा पत्रे परत आणता आली ती चुंबकीय फितींवरील, जाळ्यापासून अलग ठेवलेल्या नकलांवरून. म्हणजे जगातील एका बलाढ्य कंपनीलाही अखेर पेटीतील जुन्या प्रतीचाच आधार घ्यावा लागला. अशी फीत ठेवण्याचे सामर्थ्य ज्याच्यापाशी आहे आणि ज्याच्यापाशी एकच जुना संगणक आहे, त्या दोघांवर सारखीच जबाबदारी टाकणे ही समता नव्हे.

कायद्याने हे तत्त्व अर्धेच मान्य केले आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० चे कलम ७ सांगते, की कायद्याने जतन करावयाची नोंद इलेक्ट्रॉनिक स्वरूपात ठेवायची असेल, तर ती पुढेही पाहता व वापरता आली पाहिजे, मूळ आशय अचूक राहिला पाहिजे आणि ती कोठून कोठे, कोणत्या दिवशी व वेळी गेली हे कळले पाहिजे. ही कसोटी उत्तम आहे. पण नागरिकाच्या टपालपेटीला ती कोणी लावीत नाही. युरोपीय संघात मे २०१८ पासून माणसाला स्वतःची माहिती वापरण्याजोग्या स्वरूपात घेऊन दुसऱ्या सेवेकडे जाण्याचा हक्क आहे. भारताच्या २०१९ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण विधेयकात असा हक्क होता. २०२३ साली प्रत्यक्ष कायदा झाला तेव्हा तो वगळलेला होता. म्हणजे घर बदलणाऱ्या भाडेकरूला स्वतःचे सामान उचलून नेण्याचा हक्क प्रस्तावित झाला होता आणि तो काढून टाकण्यात आला.

म्हणून मागणी स्पष्ट असली पाहिजे. स्वतःची पत्रे आणि पत्ते सर्वमान्य स्वरूपात नेण्याचा हक्क कायद्यात पुन्हा आला पाहिजे. जुनी प्रणाली बंद करण्यापूर्वी पुरेशी मुदत आणि मराठीसारख्या लोकभाषेतून सूचना मिळाली पाहिजे. नवी आवृत्ती बसविण्याआधी जुन्या पत्रांची नक्कल आपोआप निघाली पाहिजे आणि तिच्या दोषाने नाश झाला तर कंपनी उत्तरदायी असली पाहिजे. सरकारी कचेऱ्यांनीही ई-मेलने आलेल्या प्रत्येक अर्जाला आवक क्रमांक देऊन तो अर्जदारास कळविला पाहिजे. शिक्क्याची जागा शांततेने घ्यावी, हे चालणार नाही.

हा हक्क मिळेपर्यंत कार्यकर्त्यांनी स्वस्थ बसू नये. महत्त्वाचे पत्र गेले की ते तारखेसह छापून फाइलीत लावावे. पत्तावहीची नक्कल सीएसव्ही किंवा व्हीकार्ड स्वरूपात दर तीन महिन्यांनी काढून दोन वेगळ्या ठिकाणी, दोन वेगळ्या जबाबदार माणसांकडे ठेवावी आणि लोकांच्या पत्त्यांची ती यादी भलत्या हाती जाणार नाही याची काळजी घ्यावी. सेवा केंद्रात दुसऱ्याने उघडून दिलेल्या खात्याचा पासवर्ड खातेदाराच्या स्वतःच्या हाती द्यावा. नवी आवृत्ती नक्कल काढल्यावाचून बसवू नये. आणि पत्रे नाहीशी झालीच, तर घाईने काही पुसू नये, प्रोग्रॅम काढून पुन्हा बसवू नये व फॉरमॅट तर मुळीच करू देऊ नये; आधी जुना कप्पा शोधावा.

१९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरील प्रवचने झाली, तेव्हा साने गुरुजी ती लिहून घेत होते. बोललेले शब्द त्या कोठडीच्या भिंतींत विरले नाहीत, याचे कारण एका माणसाने नक्कल करण्याचे कष्ट घेतले. लोकांच्या तक्रारी, त्यांच्या मागण्या आणि त्यांचे पत्ते यांसाठी तेवढेच कष्ट आज प्रत्येक तालुक्यात कोणीतरी घेतले पाहिजेत. दप्तर ज्याच्या हाती, न्याय त्याच्या दारी, असा अनुभव या प्रदेशाने पुष्कळ घेतला आहे. यापुढे एक दप्तर लोकांच्याही हाती असू द्यावे.