आधी बंपर, मग पोर

मराठी मध्यमवर्गीय बापाला तीन गोष्टींवर ओरखडा आलेला सोसत नाही : घराण्याचं नाव, नव्या फ्रीजचं दार आणि गाडीचा बंपर. पैकी घराण्याच्या नावाचं तो वेळ पडल्यास चार पाहुण्यांना मध्ये घालून मिटवून घेतो. फ्रीजच्या दारावर गणपतीचं स्टिकर लावून भागतं. बंपरच्या बाबतीत मात्र क्षमा हा शब्द त्याच्या कोशात नाही. माझा स्पष्ट आरोप असा आहे, की नुकतं लायसन्स मिळालेली पोरं गाडी कुणाला लागली की जी पळ काढतात, ती पोलिसांना भिऊन नव्हे, बापाला भिऊन. आणि हा आरोप करणारा इसम गेली बावीस वर्षं बँकेत नावे आणि जमा लिहितो आहे. म्हणजे तोंडाला येईल ते बोलणाऱ्यांपैकी नव्हे.

मुळात बंपर म्हणजे काय, ते तरी एकदा समजून घ्या. आपटून घेणं हीच त्याची नोकरी. अँबॅसडर आणि पद्मिनीच्या काळी तो चकचकीत पोलादी असे. भिंतीला लागला तर भिंत हलायची. त्याच्यावर दहापाच पोचे असत आणि मालक ते लढाईतल्या जखमांसारखे मिरवत. आताचा बंपर म्हणजे गाडीच्या रंगात रंगवलेलं प्लॅस्टिकचं आवरण. हळू वेगात कुठे लागलं तर त्याने चेपावं, चिरावं आणि मागचं वाचवावं एवढ्यासाठीच तो पुढे उभा केलेला असतो. त्याहून जोरात आदळली, तर गाडीचा अख्खा पुढचा भाग स्वतः चुरगळतो आणि आतल्या माणसाला सांभाळतो. बेला बारेनी नावाच्या इंजिनिअरने मर्सिडीजसाठी ही युक्ती काढली, १९५२ साली तिला पेटंट मिळालं, १९५९ साली तशी गाडी रस्त्यावर आली. म्हणजे गाडी मोडली तरी चालेल पण माणूस शाबूत राहावा, म्हणून जगभरचे इंजिनिअर सत्तर वर्षं डोकं खपवताहेत. आणि आमचे बाप गाडी शाबूत राहावी म्हणून. माणसाचं काय, ते घरचंच आहे.

आता उदाहरण घरातलंच देतो, म्हणजे पुराव्याला कमी पडायला नको. आमचे दाजी, म्हणजे अक्काचे यजमान, सांगलीत विश्रामबागला राहतात. गृहस्थ देवमाणूस. दुकानदाराने दहा रुपये जास्त दिले, तर भर उन्हात परत द्यायला जातील. सहा वर्षांपूर्वी गाडी घेतली तेव्हा गणपतीच्या देवळासमोर चार लिंबं चाकाखाली चिरडून तिची पहिली फेरी झाली. (ही आपल्याकडे एकमेव धडक, जिच्यानंतर पेढे वाटतात.) सीटवरचं प्लॅस्टिक दोन वर्षं निघालं नव्हतं. उन्हाळ्यात त्यावर बसलेला माणूस उठताना पाठीला चिकटून अर्धी सीट वर यायची.

भाची एकोणीस वर्षांची. पक्कं लायसन्स हातात येऊन दोन महिने झाले होते. सकाळी चौकाच्या अलीकडे पुढे एक दूधवाले होते, मोटरसायकलला दोन्ही अंगांना कॅन. कुत्रं आडवं आलं, त्यांनी ब्रेक मारला, भाचीनेही मारला, पण तिचा ब्रेक आणि त्यांची मोटरसायकल यांच्यात हातभर अंतर कमी पडलं. दूधवाले आडवे झाले, एक कॅन रस्त्यावर रिकामा झाला. कुत्र्याची त्या दिवशी एकादशी नव्हती.

पाच मिनिटांत पंचमंडळ जमलं. आपल्याकडे अपघात झाला की ज्यांना कुठेच जायचं नसतं असे दहा लोक कुठून तरी येतातच. "बाईमाणूस गाडी चालवते म्हटल्यावर," असा अर्धा निकाल एकाने दिला. दुसरा म्हणाला, "पाचशेत मिटवून टाका." ज्यांचं मिटवायचं ते काका अजून उठायचे होते. भाचीने गाडी बाजूला घेतली, त्यांना हात दिला, दवाखान्यात नेलं, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं गेलं, गुडघ्याला पट्टी झाली. सांडलेल्या दुधाचे सातशे रुपये तिने स्वतःच्या साठवलेल्या पैशातून दिले. आणि मग तिने वडिलांना फोन केला. तो संवाद तिने मला जसाच्या तसा सांगितला.

"बाबा, एका दूधवाल्या काकांना आपली गाडी लागली. ते पडले, त्यांच्या..."

"गाडीला काय झालं?"

"त्यांचा गुडघा..."

"पुढचा की मागचा?"

इथे पोरीचा प्रामाणिक गोंधळ झाला. "डावा," ती म्हणाली.

यावर मी हसलो, तुम्हीही हसला असाल. पण ती घरी आल्यावर दाजींनी दुसरा प्रश्न विचारला, आणि त्यावर मला अजून हसता आलेलं नाही. ते म्हणाले, "थांबलीस कशाला?"

दहा रुपये परत द्यायला उन्हात जाणारा माणूस! परका कुणी असं म्हणाला असता, तर दाजींनीच त्याला माणुसकीवर तासभर ऐकवलं असतं. पण पोटच्या पोरीने रस्त्यावर तीच माणुसकी केली, तर तिला ती चूक म्हणून ऐकावी लागली. कारण मध्ये बंपर आला.

बरं, थांबणं हा काही नुसता चांगुलपणा नाही, कायदा आहे. मोटार वाहन कायदा, १९८८, कलम १३४. जखमीला उपचार मिळतील असं पाहायचं. पोलीस जागेवर नसतील तर जवळच्या ठाण्यात लवकरात लवकर, उशिरात उशिरा २४ तासांत कळवायचं. विमा कंपनीलाही कळवायचं. संध्याकाळी मामा या नात्याने मी भाचीबरोबर ठाण्यात गेलो. हवालदारांनी आमच्या मागे कोणी पकडून आणणारं आहे का ते वाकून पाहिलं. "स्वतःहून आलात?" म्हणाले. मग त्यांनी चहा मागवला. मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये हाफ क्लच शिकवतात, चढावर गाडी कशी उचलायची ते शिकवतात. पण लागल्यावर काय करायचं, याचा एक तास कुणी घेत नाही. तो तास घरी होतो, आणि त्यात 'थांबलीस कशाला' शिकवतात.

आमच्या बँकेत कॅश काउंटरवर नवा मुलगा बसला, की एखाद्या संध्याकाळी रोख जुळत नाहीच. पाचशेच्या नोटा एकमेकींना चिकटून जातात, मुलाला घाम फुटतो. नियम साधा आहे : कमी पडलेली रोख त्याच दिवशी सांगायची, नोंद करायची, पैसे भरायचे आणि घरी जायचं. कोणी त्याला चोर म्हणत नाही. पण ज्याने आजचं भोक उद्याच्या नोटांनी बुजवलं, त्याची फाईल उघडते, आणि बँकेत एकदा उघडलेली फाईल बंद झालेली मी पाहिलेली नाही. साध्या सरकारी बँकेला जे कळतं ते बापाला कळू नये? ज्या पोराला खरं सांगितल्यावर ठोक बसते आणि लपवल्यावर जेवण मिळतं, ते पोर पुढच्या वेळी काय करेल, हे सांगायला बी. कॉम. व्हावं लागत नाही.

दाजींचं म्हणणं, प्रश्न पैशाचा आहे. ठीक, मग पैशाचंच बोलू, तो माझा विषय. दुरुस्तीचा अंदाज निघाला ८,५०० रुपये, त्यात बंपर ४,०००चा. विम्यात प्लॅस्टिकच्या भागाची निम्मी किंमत झीज म्हणून कापतात, गेले २,०००. लहान इंजिनाच्या गाडीला पहिले १,००० मालकाचेच. राहिले ५,५००. उलट दावा केला की 'नो क्लेम बोनस' जातो. हा बोनस म्हणजे विमा घेऊन तो न वापरल्याचं बक्षीस : पहिल्या वर्षी २० टक्के, मग २५, ३५, ४५, आणि पाच वर्षांनी ५०. तोही हप्त्याच्या फक्त स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागावर. दाजींचा तो भाग सूट धरण्याआधी ७,०००. हप्ता तेवढाच राहिला असं धरलं, तर पुन्हा ५० टक्क्यांवर चढेपर्यंत एकूण ८,७५० बुडतात. म्हणजे दावा न करणंच ३,२५० रुपयांनी फायद्याचं. मी कागदावर मांडून दिलं. दाजी खूश झाले. तरी पोरीवरचा राग गेला नाही, म्हणजे प्रश्न पैशाचा नव्हताच.

"अहो, पोरांना धाक नको का?" असं ते म्हणतात. हवा ना. पण कशाचा? याच कॉलनीत दहावीतल्या पोराला शिकवणीला जायला वडील स्वतः मोपेडची किल्ली देतात, आणि "पाय टेकतात आता," असं कौतुकाने सांगतात. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर २०१९च्या दुरुस्तीप्रमाणे पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड आहे. तिथे धाकाचं नाव नाही. दोन हात स्टिअरिंगवर ठेवून, पट्टा लावून, लायसन्स खिशात घेऊन निघालेल्या पोरीला मात्र सगळा धाक एकदम, आणि तोही थांबल्याबद्दल. शिवाय दाजींनी स्वतः मागचा दिवा फाटकाला घालून फोडला होता, ती हकिकत ते आजही फाटकाची चूक म्हणून सांगतात.

पोर पहिल्यांदा गाडी घेऊन बाहेर पडण्याआधी बापाला एक वाक्य पाठ करायला लावावं, "तुला लागलं नाही ना?" फोनवर आधी हे. मग, "समोरच्याला?" बंपरची चौकशी जेवण झाल्यावर करावी. तोपर्यंत तो कुठे जात नाही.

दाजींनी बंपर अजून बदललेला नाही. येणाऱ्याजाणाऱ्याला पुरावा म्हणून दाखवतात; चिरलेल्या जागी चिकटपट्टी लावली आहे, ती पाहुणे आले की थोडी उचलतात. गाडीची किल्ली कपाटात गेली. भाचीने ती पुन्हा मागितलेली नाही, आणि मला त्या चिरेपेक्षा हे न मागणं जास्त खुपतं. परवा अक्काला मिरजेला डोळे दाखवायला न्यायचं होतं आणि दाजी गावाला गेले होते. मायलेकी रिक्षाने गेल्या. अडीचशे रुपये झाले. दाजी परत आल्यावर त्यांनी ते वहीत लिहिले : अपघातखर्च.