उसनी चित्रे आणि आपली माणसे

विद्यालयाच्या वर्धापनदिनानिमित्त यंदा विद्यार्थ्यांची लघुपट स्पर्धा झाली. महाजालावरील संग्रहांत विनामूल्य मिळणारी तयार छायाचित्रे व चित्रफिती जुळवायच्या, त्यांना स्वतःचे निवेदन द्यायचे आणि पाच मिनिटांचा लघुपट सिद्ध करायचा, असे तिचे स्वरूप होते. विषय होता ‘वस्तीपासून वसतिगृहापर्यंत’. ज्यांच्या घरी एकच मोबाईल आणि तोही वडिलांच्या खिशात, अशा मुलामुलींना चित्रपटाची भाषा हाताळता आली, याचा आम्हांस मनापासून आनंद आहे. तथापि ते लघुपट पाहताना जे खटकले, तेही या स्मरणिकेत नोंदवणे आम्ही कर्तव्य समजतो.

एका लघुपटात विद्यार्थिनी आपल्या आईविषयी बोलत होती. शब्द होते विळ्याने ज्वारी कापणाऱ्या आईचे. पडद्यावर मात्र परदेशातील गव्हाच्या अफाट शेतातून कापणीयंत्र चालले होते. दुसऱ्या लघुपटात 14 ऑक्टोबर 1956 चा नागपूरचा धम्मदीक्षा सोहळा होता. त्या दिवशी आपले आजी-आजोबा शुभ्र वस्त्रे नेसून दीक्षाभूमीवर आले होते; पडद्यावर दिसली ती आग्नेय आशियातील चीवरधारी भिक्खूंची रांग. सभागृहात टाळ्या झाल्या. काही चुकले असे कोणास वाटले नाही, हेच आम्हांस अधिक चिंताजनक वाटते.

दोष मुलांचा नाही. अशा संग्रहांत ‘बौद्ध’ हा शब्द शोधला की सहसा सोनेरी मूर्ती, कमळे आणि ध्यानस्थ पर्यटक समोर येतात. वस्तीतले साधे विहार, पांढऱ्या साडीतील उपासिका, वसतिगृहातली पत्र्याची ट्रंक तेथे क्वचितच सापडते. जे टिपलेच गेले नाही, ते मुलांनी आणावे कोठून?

आपल्या विद्यालयाचा दिवस पंचशीलाने सुरू होतो. न दिलेले घ्यायचे नाही, हे त्यातील दुसरे शील या स्पर्धेने उत्तम शिकवले. चित्राचा परवाना वाचावा, मूळ छायाचित्रकाराचा नामनिर्देश करावा, हे मुले शिकली. परंतु चौथे शील मुसावादापासून दूर राहण्याचे आहे. वापराची परवानगी मिळाली, एवढ्याने चित्र खरे ठरत नाही. एका ठिकाणचे दृश्य दुसऱ्या ठिकाणचे म्हणून दाखवणे, हेही असत्य बोलणेच होय.

यावर काहींचे म्हणणे असे, की चित्रपट ही जुळवणीचीच कला आहे. भावना खरी असली म्हणजे पुरे. यात तथ्य आहे. एस्फिर शुब या रशियन दिग्दर्शिकेने 1927 मध्ये जुन्या वार्तापटांतून आणि झारच्या दरबारी चित्रफितींतून रोमानोव्ह घराण्याच्या पतनावर चित्रपट रचला. परंतु तिने घेतलेली दृश्ये त्याच काळातील होती. जुळवणीने तिने त्यांचा अर्थ पालटला, ती दुसऱ्या कोणाची म्हणून दाखवली नाहीत. त्याच वर्षी, 20 मार्च रोजी, महाडला बाबासाहेबांसोबत हजारो माणसे चवदार तळ्यावर गेली. झारच्या पदरी कॅमेरावाले होते. त्या माणसांच्या आवाक्यात कॅमेरा नव्हता. म्हणूनच आपल्या घरी जी मोजकी छायाचित्रे उरली आहेत, त्यांचे मोल मोठे आहे.

स्पर्धा बंद करावी, असे आमचे मुळीच म्हणणे नाही. तिच्या नियमांत दोन भर घालाव्यात, एवढेच सुचवतो. उसन्या चित्राचे स्थळ व काळ सांगावा आणि ते केवळ सूचक असेल तर पडद्यावर ‘प्रातिनिधिक चित्र’ असे लिहावे. तसेच निम्मी तरी दृश्ये मुलांनी आपल्या घरातून, वस्तीतून वा विद्यालयातून आणावीत.

यासाठी माजी विद्यार्थ्यांनी व पालकांनी हातभार लावावा. आपल्या ट्रंकेत, कपाटात जुने फोटो असतील: धम्मदीक्षेचे, परित्राणपाठाचे, भीमजयंतीच्या मिरवणुकीचे, वसतिगृहातील पंगतीचे. विद्यालयाने त्यांच्या संगणकीय प्रती काढून मूळ फोटो परत करावेत. देण्यापूर्वी मागील बाजूस मऊ पेन्सिलीने माणसांची नावे, गाव व साल लिहावे. फोटोतील माणसांची संमती घ्यावी. फोटोवर छायाचित्रकाराचा स्वामित्वहक्क असू शकतो; म्हणून स्टुडिओत काढलेल्या फोटोसाठी त्यांनाही विचारावे.

हे काम लांबणीवर टाकण्याजोगे नाही. नागपुरात दीक्षा घेताना जे दहा वर्षांचे होते, ते आज ऐंशीच्या आसपास आहेत. फोटोतील चेहरे ओळखणारी माणसे गेली, की आपले फोटोही त्या संग्रहांतल्या चित्रांसारखे निनावी होतील. पुढील वर्षी एखादी विद्यार्थिनी पडद्यावरून ‘ही माझी आई’ म्हणेल, तेव्हा तेथे तिचीच आई दिसावी, एवढीच आमची अपेक्षा आहे.

जय भीम!