वही कुणाच्या घरी?

पूर्वी बँकेत दिवसाचा हिशेब जुळला की लेजरं कपाटात जात. रिझर्व्ह बँकेचे तपासनीस अचानक आले, तरी वही हाताशी असे.

आज भाजीवालीला फोनवरून दिलेल्या वीस रुपयांचीही नोंद होते. ही वही ठेवायची कुठे? परदेशी कंपन्यांची ती बहुधा परदेशातच असे. म्हणून ६ एप्रिल २०१८ रोजी रिझर्व्ह बँकेने हुकूम काढला: पेमेंटची सगळी माहिती भारतातच साठवा, मुदत सहा महिने. कंपन्यांनी खर्चाचं गाऱ्हाणं मांडलं. हुकूम पाळला नाही म्हणून जुलै २०२१ मध्ये मास्टरकार्डला नवे ग्राहक घेण्यास मनाई झाली. ती उठली जून २०२२ मध्ये.

काहींना यात जुनं परवानाराज दिसलं. मला दिसत नाही. जिथे दुकान मांडायचं, तिथल्या तपासनिसाला वही दाखवायलाच हवी.

पण वही घरी आली म्हणजे सुरक्षित झाली का? २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. त्याच कायद्याने सरकारला आपल्या यंत्रणांना त्यातून सूट देण्याची मुभाही दिली आहे!

आमच्या तिजोरीला दोन किल्ल्या असत, दोघांकडे. एकट्याला ती उघडता येत नसे. अविश्वास म्हणून नव्हे; ती शिस्त होती. या नव्या वहीची एक किल्ली सरकारकडे असू द्या. दुसरी मात्र सरकारच्याच खिशात नको.