घर बांधलं कुणाच्या मापानं?

गेल्या महिन्यात आमच्या समुपदेशन केंद्रात एक शिक्षिका आली. पिशवीतून तिनं बंगल्याचा नकाशा काढला. मारहाणीची तक्रार घेऊन येणाऱ्या बाया दवाखान्याचे कागद आणतात, ही नकाशा घेऊन आली याचं मला नवल वाटलं. "ही देवघराची भिंत मी सरकवायला लावली," ती बोट ठेवून सांगत होती. दोन वर्षं शाळा सुटली की ती साइटवर जायची, स्लॅबवर पाणी मारायची. कर्जाचे हप्ते तिच्या पगारातून जातात. प्लॉट सासऱ्यांच्या नावावर. 'घरातून नीघ' म्हणायला नवऱ्याला तेवढं पुरलं.

२००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानं तिला राहण्याचा हक्क आहे. घर सासऱ्यांचं असलं तरी सुनेसाठी ते सामायिक घर ठरू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये सांगितलंय. आम्ही तसा अर्जही केला. पण राहू देणं वेगळं, मालकी वेगळी. महाराष्ट्रात १ एप्रिल २०२१ पासून फक्त बाईच्या नावे घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळू लागली. त्या लोभानं का होईना, फ्लॅट घेताना बाईच्या नावाचा विषय तरी निघतो. घरच्याच जागेवर बंगला बांधताना खरेदीखतच होत नसतं. मग तो विषय काढणार कोण?

आणि म्हणे 'मनासारखं घर'! आता तालुक्याच्या गावातही दर्शनी एलिव्हेशन, फॉल्स सीलिंग, ओपन किचन हवं असतं. बाईला विचारतात टाइल्सचा रंग. ओटा कोपराच्या थोडा खाली यावा, म्हणजे तो बाईगणिक बदलायला हवा. ठेकेदार मात्र एकाच मापानं सगळे ओटे घालतो. "मॅडम, स्टँडर्ड असतं." ओपन किचनबद्दल माझं मन अजून ठरत नाही. बाई आत एकटी कोंडलेली राहत नाही हे खरं. पण पाहुण्यांसमोर पसाराही तिचाच दिसतो, आणि घटकाभर नजरेआड व्हायला जागा उरत नाही.

ठेकेदाराची बाजूही मी ऐकली. लेबर रेट चौरस फुटावर ठरतो, सिमेंट-सळई मालकाची. बांधकाम अर्ध्यावर आलं की मालक मोबाइलवर नवं डिझाइन दाखवतो. भिंत पाडायची, आणि त्या जादा कामाच्या पैशांसाठी भांडायचं. त्याची अडचण खोटी नाही. पण तो काटकसर करतो ती कुठे? तो 'जोडी' कामावर घेतो. मजुरी मुकादम नवऱ्याच्या हातावर ठेवतो, हजेरीवहीत नाव नवऱ्याचं. समान वेतनाचा कायदा १९७६ सालचा! वीस वर्षं घमेली वाहिली तरी बाई बिगारीच. थापी तिच्या हातात कुणी देत नाही. १९९६ च्या कायद्यानं बांधकाम मजुरांसाठी कल्याण मंडळं आली, पण नोंदणीला वर्षातले ९० दिवस काम केल्याचा दाखला मागतात. वहीत नावच नाही तर दाखला कशाचा?

"बायकांना बांधकामातलं काय कळतं?" हे मालक आणि ठेकेदार दोघंही म्हणतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात घरांच्या दुरुस्ती-मजबुतीकरणाचं काम निघालं. त्यात गावोगावच्या बायका 'संवाद सहायक' झाल्या. भिंत मजबूत कशी करायची हे त्यांनी शिकून घेतलं, घराघरांत समजावलं, गवंड्याच्या कामावर नजर ठेवली. आधी त्यांतल्या कितीतरी जणी ग्रामसभेतही बोलल्या नव्हत्या.

शिक्षिकेच्या पिशवीत ठेकेदाराचा हिशेबही होता. पावत्या सगळ्या नवऱ्याच्या नावे. म्हणून आता आम्ही तिच्या बँकेचे उतारे गोळा करतो आहोत. मजुरीच्या पानावर लिहिलं होतं, 'जोडी ४'. मी त्या बायकांची नावं विचारली. तिला चौघींचीही आठवत होती, आणि कुणाच्या लेकराला तिनं शाळेत घातलं तेसुद्धा.