शिरगणती आणि शिरकाण

खेड्याची लोकसंख्या म्हणजे सरकारी दप्तरातील एक निरुपद्रवी आकडा, असा आपल्या सुशिक्षितांचा समज आहे. इराकच्या दोहूक प्रांतातील कोरेमे या कुर्द खेड्याची कहाणी ऐकल्यावर तो टिकणार नाही.

सद्दाम हुसेनच्या राजवटीने १७ ऑक्टोबर १९८७ रोजी देशात शिरगणती केली. कुर्दांचा डोंगरी मुलुख तत्पूर्वीच ‘निषिद्ध क्षेत्र’ ठरला होता. तेथील शेतकऱ्याने घरदार, शेतमळे सोडून लष्करी पहाऱ्यातील वसाहतीत नाव नोंदवावे, अन्यथा नागरिकत्वाला मुकावे, असा हुकूम निघाला. निषिद्ध गावांची मोजदाद झालीच नाही. त्यांचे काय करावयाचे, हे सद्दामचा चुलतभाऊ अली हसन अल-मजीद याने २० जूनच्या आदेशातच लिहून ठेवले होते: तेथे सापडणाऱ्या १५ ते ७० वर्षांच्या माणसांना, उपयुक्त माहिती काढून घेतल्यावर, ठार करावे. जो मोजला गेला नाही तो नागरिक नव्हे, आणि जो नागरिक नव्हे त्याला मारण्यास हरकत नाही, असे हे सरळ त्रैराशिक!

कोरेमे अशाच क्षेत्रातले. १९८८ च्या ऑगस्टअखेरीस ‘अन्फाल’ मोहिमेचा शेवटचा घाला पडला, तेव्हा गावकरी तुर्कस्तानच्या सरहद्दीकडे निघाले. वाट सैन्याने रोखलेली पाहून ते परतले आणि २८ ऑगस्टला आपल्याच गावाजवळ हात वर करून शरण आले. अधिकाऱ्याने ३३ पुरुष व मुलगे निवडून रांगेत बसविले. बिनतारी यंत्रावरून हुकूम आला. गोळीबारात २७ जण ठार झाले, सहा वाचले. उरलेल्यांपैकी अनेक पुरुष कैदेतून कायमचे नाहीसे झाले आणि गाव जमीनदोस्त करण्यात आले. १९९२ मध्ये न्यायवैद्यक तज्ज्ञांनी थडगी उकरून या साऱ्याची शहानिशा केली.

‘युद्धात असे घडायचेच’ असे म्हणणाऱ्यांनी तारखा पाहाव्यात. इराणशी शस्त्रसंधी २० ऑगस्टलाच झाली होती. हे करणारा बाथ पक्ष स्वतःस समाजवादी म्हणवीत होता, हे आपणही विसरता कामा नये. समाजवादाचा डंका पिटणारा सोव्हिएत संघ त्याला शस्त्रे पुरवीत होता. अमेरिकेच्या सिनेटने सप्टेंबरात निर्बंधांचे विधेयक संमत केले, पण रेगन प्रशासनाने त्यास विरोध केला आणि त्याचा कायदा झालाच नाही. तेलापुढे आणि व्यापारापुढे एका खेड्याची किंमत ती काय?

इराकी न्यायाधिकरणाने २००७ मध्ये ‘अन्फाल’ला वंशसंहार ठरविले. तरीही बळींचा आकडा ५० हजारांपासून १ लाख ८२ हजारांपर्यंत हेलकावतो. जिवंतपणी ज्यांना मोजण्याचे नाकारले, त्यांची मेल्यावर मोजदाद व्हावी तरी कशी? नोव्हेंबर २०२४ मध्ये, १९८७ नंतर प्रथमच, संपूर्ण इराकची शिरगणती झाली. वाद नको म्हणून वंशाचा प्रश्न गाळण्यात आला. वाद टाळला, ठीक आहे. पण ऋण टळत नाही. बेपत्ता माणसांची गाववार, नावनिशीवार यादी करणे आणि त्यांच्या वारसांना भरपाई देणे, हे आजच्या बगदादचे कर्तव्य आहे. कोरेमेच्या लोकसंख्येत ती नावे धरल्याखेरीज १९८७ ची शिरगणती पुरी झाली, असे कोणत्याही सरकारने म्हणू नये.